वाहत्या पाण्यातला बास : ओझार्कच्या नद्या, फ्लाय फिशिंग आणि फ्लोट ट्रिप

अमेरिकेच्या मध्यभागी, मिसूरी राज्याचा दक्षिण भाग आणि आर्कान्साचा उत्तर भाग व्यापून असलेल्या ओझार्क नावाच्या जुन्या, झिजलेल्या पठारावर चुनखडक आणि डोलोमाइट यांच्या थरांतून वाट काढत अनेक लहानमोठ्या नद्या वाहतात, आणि या नद्यांवर गेल्या शंभराहून अधिक वर्षांत मासेमारीची एक स्वतंत्र रीत आकाराला आली आहे. सपाट तळाची होडी प्रवाहाच्या ओघाने खाली जाऊ द्यायची, दोन्ही काठांवरच्या खडकांच्या कपारींजवळ आणि पडलेल्या झाडांच्या आडोशाला आमिष टाकायचे आणि तेथे दडलेल्या स्मॉलमाउथ बास या माशाला बाहेर काढायचे, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. प्रस्तुत पुस्तक या रीतीविषयी आहे. मात्र केवळ मासा कसा पकडावा एवढ्यापुरता त्याचा विषय मर्यादित नाही.

आरंभीच दोन संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. ‘फ्लोट ट्रिप’ म्हणजे नदीच्या एका ठिकाणी होडी पाण्यात उतरवून काही मैल, क्वचित शंभराहून अधिक मैल, प्रवाहाबरोबर खाली जाणे आणि ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणी पाण्याबाहेर पडणे. या प्रवासात वल्ह्याचे मुख्य काम दिशा सांभाळण्याचे आणि वेग आवरण्याचे असते, कारण पुढे नेण्याचे काम नदीच करते. ‘फ्लाय फिशिंग’ म्हणजे पिसे, केस, दोरा आणि बूच यांपासून गळावर बांधलेले कृत्रिम आमिष वापरून केलेली मासेमारी. सर्वसाधारण गळाच्या मासेमारीत दोरीच्या टोकाला काही वजन असते आणि ते वजन फेकले की बारीक दोरी त्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष जवळजवळ वजनहीन असते, म्हणून वजन दोरीतच भरलेले असते आणि लवचीक काठीच्या साहाय्याने ती जाड दोरी आधी मागे व मग पुढे उलगडत नेली की तिच्या टोकाचे आमिष हलकेच पाण्यावर उतरते. या दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून तिचा क्रमांक ठरतो, आणि बाससाठी साधारणपणे ६ ते ८ क्रमांकाची दोरी व तिला जुळणारी नऊ फुटी काठी घेतली जाते, कारण वारा अंगावर घेत जडसर आमिष नेमक्या जागी पोचवण्याची ताकद याहून हलक्या साधनांत नसते.

काठावर उभे राहून गळ टाकणाऱ्याला नदीचा एक डोह ओळखीचा होतो. होडीतून दिवसभर खाली जाणाऱ्याला डोहामागून खळाळ, खळाळामागून धार आणि धारेमागून पुन्हा डोह हा क्रम कळतो. कोणत्या वळणावर पात्र खोल होते, कोठे झऱ्याचे थंड पाणी येऊन मिळते, गेल्या पुराने रेव कोठून उचलून कोठे टाकली, हे त्याला पाहावेच लागते, कारण मासा नेमका याच बदलांच्या सीमेवर राहतो. म्हणून स्मॉलमाउथ बाससाठी केलेली फ्लोट ट्रिप हा वाहत्या नदीचा तिच्या लांबीनुसार केलेला अभ्यास ठरतो, आणि नदी वाहायची थांबली की तो अभ्यासही संपतो. ओझार्कच्या विसाव्या शतकातील इतिहासाने ही गोष्ट दोनदा सिद्ध केली, एकदा गमावून आणि एकदा राखून. तो इतिहास पुढे येईलच.

स्मॉलमाउथ बास हा सनफिश कुलातील मासा आहे आणि त्याचे शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस डोलोमियू असे आहे. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याच्यासमोरच्या नमुन्याचा पाठीवरील पर तुटलेला होता आणि मागे उरलेला तुकडा हा स्वतंत्र छोटा पर असावा अशी त्याची समजूत झाल्याने नावाचा पहिला भाग ‘लहान पराचा’ या अर्थाचा पडला. नावाचा दुसरा भाग त्याने आपला मित्र, भूवैज्ञानिक दोलोमिय, याच्या स्मरणार्थ दिला. मासा कांस्यवर्णी असतो, अंगावर उभे गडद पट्टे असतात आणि डोळा बहुधा तांबडा असतो. त्याचा भाईबंद लार्जमाउथ बास याचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, तर याचा जबडा डोळ्याच्या रेषेपाशी थांबतो, ही दोघांतील फरक ओळखण्याची सोपी खूण. लार्जमाउथला संथ, गढूळ, पाणवनस्पतींनी भरलेले पाणी मानवते. स्मॉलमाउथला स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी आणि खडकाळ तळ लागतो. टेनेसी व केंटकी यांच्या सीमेवरील डेल हॉलो जलाशयात १९५५ मध्ये ११ पौंड १५ औंस वजनाचा, म्हणजे सुमारे ५.४ किलोग्रॅमचा, बास पकडला गेला आणि तो आजवरचा विक्रम आहे. पण नदीत वाढणारा बास सहसा १२ ते १६ इंचांचा असतो, आणि २० इंची मासा मिळणे ही अनेकांच्या बाबतीत आयुष्यात मोजक्या वेळा घडणारी घटना असते.

या आकारावरून माशाचे वय मात्र सहज लक्षात येत नाही. ओझार्कच्या प्रवाहांत बारा इंच लांबी गाठायला बासला साधारण चार ते सहा वर्षे लागतात, आणि मोठा मासा दहा वर्षांहून जुना असू शकतो. म्हणजे ज्या डोहातून असा मासा काढून खाल्ला जातो त्या डोहात त्याच्या जागी तेवढा मासा दिसायला दशक जावे लागते. वसंत ऋतूत पाण्याचे तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की नर शेपटीने रेव झाडून तळावर गोल खळगा तयार करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि अंडी फुटेपर्यंत व त्यानंतरही पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत नर तेथेच पहारा देतो. या काळात तो जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतो, त्यामुळे त्याला गळाला लावणे फार सोपे असते; पण थोडा वेळ जरी तो घरट्यावरून दूर झाला तरी इतर मासे अंड्यांवर झडप घालतात. वसंतातील एखादा मोठा पूर अख्ख्या वर्षाची वीण वाहून नेतो हे निसर्गाचे गणित आहे, त्यात माणसाने भर घालण्याचे कारण नाही, आणि घरट्यावरील नराला मोकळे सोडावे हा या छंदातील सर्वांत रास्त नियम आहे, असे येथे निःसंदिग्धपणे नमूद करावेसे वाटते.

बासच्या आहाराचा विचार केल्याशिवाय आमिषाचा विचार करता येत नाही. त्याचे मुख्य अन्न म्हणजे क्रेफिश, अर्थात गोड्या पाण्यातील शेवंडासारखा लहान कवचधारी प्राणी, जो दगडांखाली राहतो आणि संकट आले की शेपटी आत मारून उलटा पळतो. त्याखालोखाल छोटे मासे आणि पाणकीटकांच्या अळ्या, विशेषतः डॉब्सनमाशीची बोटभर लांबीची, चिमटे असलेली काळी अळी. हे सर्व अन्न खळाळाच्या दगडगोट्यांत तयार होते, तेथून प्रवाहाबरोबर सुटून खाली येते, आणि डोहाच्या तोंडाशी, जेथे वेगवान पाणी संथ पाण्याला भेटते, तेथे बास त्याची वाट पाहत थांबतो. वेगवान पाण्यात सतत पोहण्याची शक्ती खर्च करायची नाही, पण त्या पाण्यातून येणारे अन्न हातचे जाऊ द्यायचे नाही, हा त्याचा हिशेब एकदा समजला की नदीकडे पाहण्याची दृष्टी बदलते : एखाद्या बुडालेल्या शिळेच्या मागची शांत जागा, दोन धारांच्या मधली फेसाची रेघ, काठाला टेकून पडलेल्या ओंडक्याची सावली, या सगळ्या जागा बोलू लागतात. हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या खाली गेले की मासा मंदावतो, खोल डोहांत गोळा होतो आणि ओझार्कमध्ये बहुधा झऱ्यांच्या आसपास राहतो, कारण चुनखडकातून उगवणाऱ्या झऱ्यांचे तापमान बाराही महिने जवळपास सारखे, १४ अंशांच्या आसपास, असते. करंट नदीला मिळणारा बिग स्प्रिंग हा देशातील सर्वांत मोठ्या झऱ्यांपैकी एक असून तो सरासरी चारशेहून अधिक क्युसेक पाणी देतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांमुळे घरोघरी माहीत झालेले हे परिमाण, म्हणजे सेकंदाला एक घनफूट किंवा सुमारे २८ लिटर पाणी, ओझार्कचा होडीवालाही प्रवासाला निघण्यापूर्वी रोज पाहतो; त्यावरून होडी कोठे रेवेला टेकेल आणि कोठे पाणी धोकादायक असेल हे त्याला ठरवता येते.

फ्लाय फिशिंगची परंपरा ब्रिटनमधून अमेरिकेत आली तेव्हा तिच्याबरोबर माशांची प्रतवारीही आली, आणि त्या प्रतवारीत सामन व ट्राउट यांना वरचे स्थान होते, बासला कोणतेच नव्हते. या अढीला पहिले मोठे आव्हान दिले ते डॉ. जेम्स हेन्शल यांनी. व्यवसायाने वैद्य असलेल्या हेन्शल यांचे ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हे पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वजनास वजन तोलले तर झुंजीत बासची बरोबरी करणारा दुसरा मासा नाही, हे त्यातील प्रतिपादन पुढच्या पिढ्यांच्या तोंडी बसले. त्यांनी बासच्या शरीररचनेचा आणि नामकरणाचा गोंधळ निस्तरला, त्याच्यासाठी योग्य काठ्यांचा विचार केला, आणि मुख्य म्हणजे सामान्य माणसाच्या गावाजवळच्या नदीत सापडणारा मासाही गंभीर अभ्यासाला पात्र असतो हे ठसवले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत टेनेसीमधील चॅटनूगा येथील अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी बुचाच्या तुकड्यावर गळ बसवून पाण्यावर तरंगणारे आमिष प्रचारात आणले. ते ओढले की पाण्यावर पुटकन आवाज करते आणि पडलेल्या बेडकाचा किंवा किड्याचा भास निर्माण करते. आज पॉपर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आमिषाची वंशावळ येथवर जाते.

पाण्याखालच्या आमिषांची दोन मोठी नावे पेनसिल्वेनियाची आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी स्मॉलमाउथ बासच आहे, ही बाब बहुतेकांना ठाऊक नसते. रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये डॉब्सनमाशीच्या अळीची नक्कल म्हणून मऊ पिसांच्या शेपटीचे जे आमिष बांधले ते ‘वूली बगर’ या नावाने जगभर पसरले आणि नंतर ट्राउटसाठीच अधिक वापरले जाऊ लागले. सस्क्वेहाना नदीवर वाटाड्याचे काम करणारे बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास गळाच्या दांड्यावर शिशाचे डंबेलच्या आकाराचे डोळे बांधून हरणाच्या शेपटीच्या केसांचे आमिष तयार केले. त्या वजनामुळे गळ उलटा होऊन त्याचे टोक वरच्या दिशेला राहते, त्यामुळे आमिष दगडांत अडकत नाही, आणि ओढ थांबली की ते नाक खाली करून बुडते, जसे घाबरलेल्या लहान माशाने वागावे. मेरीलँडचे विख्यात शिक्षक लेफ्टी क्रे यांनी त्याला नाव दिले आणि लेखनातून त्याचा प्रसार केला. या आमिषांच्या घडणीत शोभेपेक्षा निरीक्षणाला महत्त्व आहे. नदीत काय घडते ते आधी पाहायचे आणि मग हाताशी असलेल्या पिसा-केसांतून ते घडवायचे, हा त्यांचा क्रम आहे.

फ्लोट ट्रिपचा उगम वेगळा, आणि तो ओझार्कमधलाच. या प्रदेशातील लोक लांब, अरुंद, सपाट तळाच्या फळ्यांच्या होड्या पूर्वीपासून वापरत. त्यांना जॉनबोट म्हणतात, आणि अगदी उथळ खळाळावरूनही त्या सहज घसरत जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हाइट नदीच्या खोऱ्यातून रेल्वे आली आणि एक विलक्षण सोय झाली. मिसूरीतील गॅलीना गावी जेम्स नदीत होडी टाकायची, पुढे व्हाइट नदीला मिळून ब्रॅन्सनपर्यंत सुमारे १२५ मैलांचे वळणावळणाचे अंतर काही दिवसांत उतरायचे, रात्री रेवेच्या पुळणीवर तंबू ठोकायचे, आणि शेवटी होड्या रेल्वेत चढवून थोडक्या अंतरावरच्या गॅलीनाला परत पाठवायच्या. जेवणाचे सामान आणि तंबू घेतलेली एक होडी पुढे जाऊन मुक्कामाची तयारी करी, तर प्रत्येक मासेमारांच्या होडीत मागच्या टोकाला बसलेला स्थानिक वाटाड्या एका वल्ह्यावर होडी हाताळी. जिम ओवेन या ब्रॅन्सनच्या व्यावसायिकाने १९३० च्या दशकात या सफरींना देशभर प्रसिद्धी मिळवून दिली. त्या काळच्या बहुसंख्य पाहुण्यांच्या हाती फ्लायची काठी नव्हती, साधी फेकण्याची काठी होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फ्लाय फिशिंग आणि ओझार्कची होडी यांची सांगड पुढे हळूहळू घट्ट होत गेली.

त्याच नदीवर नंतर काय झाले हे या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. पूरनियंत्रण आणि वीजनिर्मिती यांसाठी व्हाइट नदीच्या खोऱ्यात नॉरफोर्क, बुल शोल्स, टेबल रॉक आणि बीव्हर अशी धरणे एकामागून एक उभी राहिली. १९५८ मध्ये पूर्ण झालेल्या टेबल रॉक धरणाने गॅलीना-ब्रॅन्सन मार्गाचा खालचा मोठा भाग जलाशयाखाली घेतला. जे पात्र बुडाले नाही त्याचेही रूप पालटले, कारण या धरणांतून सोडले जाणारे पाणी जलाशयाच्या तळाचे, भर उन्हाळ्यातही थंडगार असते आणि त्यात बासची वीण होत नाही. परिणामी त्या भागात ट्राउट सोडण्यात आले, आणि आज व्हाइट नदी ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे. या बदलाने वीज मिळाली, पर्यटनही वाढले, आणि खालच्या खोऱ्यातील शेतीचे पुरापासून रक्षण झाले हे नाकारता येत नाही. तरीही जी नदी स्वतःच्या तापमानाने, स्वतःच्या चढउताराने वाहत होती ती विजेच्या मागणीनुसार वाहू लागली, आणि तिच्याबरोबर काठाची गावे, वाटाड्यांचे ज्ञान, वळणावळणाची नावे पाण्याखाली गेली.

व्हाइट नदीचीच उपनदी असलेल्या बफेलोच्या बाबतीत वेगळे घडले, आणि ते घडवण्यात होडीतून नदी उतरणाऱ्यांचा वाटा मोठा होता. बफेलोवर दोन धरणांची योजना होती. तिला विरोध करण्यासाठी बेंटनव्हिल येथील डॉक्टर नील कॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ओझार्क सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः बफेलोवरून होडीने गेले आणि प्रश्नाला देशव्यापी लक्ष मिळाले. मिसूरीचे चित्रकार टॉमस हार्ट बेंटन हेही या नदीचे जुने प्रवासी होते. डिसेंबर १९६५ मध्ये आर्कान्साचे राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी धरणाच्या विरोधात पत्र लिहिले, आणि १ मार्च १९७२ रोजी बफेलो ही अमेरिकेतील पहिली ‘राष्ट्रीय नदी’ म्हणून कायद्याने घोषित झाली. तत्पूर्वी १९६४ मध्ये करंट आणि जॅक्स फोर्क या नद्यांना संरक्षण मिळाले होते. या यशाची किंमतही होती, आणि ती ज्यांनी मोजली त्यांचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल : संरक्षित पट्ट्यासाठी खासगी जमिनी घेतल्या गेल्या, पिढ्यानपिढ्या खोऱ्यात राहिलेल्या कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि त्याची सल तेथे अजून आहे. धरणासाठी असो वा धरणाविरुद्ध, विस्थापनाचे दुःख कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न कोयना आणि मुळशीचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मासेमारांनी नदीच्या संरक्षणासाठी उभे राहण्याचे उदाहरण याहूनही जुने आहे. जाहिरात व्यवसायातील विल डिल्ग हे वरच्या मिसिसिपीवर फ्लायने बास पकडणारे निष्ठावंत मासेमार होते. त्यांनी १९२२ मध्ये शिकागो येथे समविचारी मंडळींसह आयझॅक वॉल्टन लीग स्थापन केली, आणि नदीकाठच्या पाणथळ जमिनी कोरड्या करण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी चालवलेल्या प्रचारामुळे १९२४ मध्ये वरच्या मिसिसिपीवर वन्यजीव व मत्स्य अभयारण्य निर्माण झाले. १९२६ मध्ये बेकायदा पकडलेल्या बासच्या आंतरराज्य वाहतुकीला बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. एका साध्या, गावठी समजल्या जाणाऱ्या माशाने एवढे काही घडवून आणले.

तंत्राविषयी पुस्तकात सविस्तर प्रकरणे असल्याने येथे थोडक्यात निर्देश पुरेसा आहे. होडी काठापासून फेकीच्या अंतरावर ठेवणे आणि तिचा वेग काठाजवळच्या पाण्याच्या वेगाशी जुळवणे हे वाटाड्याचे काम, आणि त्याच्या कौशल्यावर मासेमाराचे यश निम्म्याहून अधिक अवलंबून असते. आमिष होडीच्या किंचित पुढे, खालच्या दिशेला टाकले जाते, म्हणजे होडी आणि आमिष बरोबरीने सरकत राहतात. मधल्या वेगवान धारेने दोरी ओढून नेऊ नये म्हणून दोरीला वरच्या बाजूस वळसा दिला जातो. पॉपर पाण्यावर पडल्यावर त्याची वलये विरेपर्यंत थांबायचे आणि मग एकदा हलकेच हिसका द्यायचा. बहुतेक नवशिके येथे घाई करतात. मासा लागला की काठी उचलण्याऐवजी हाताने दोरी ओढून गळ रुतवायचा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, मासा ओल्या हाताने धरायचा आणि शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडायचा.

या माशाविषयीचे प्रेम त्याला दूरदूर घेऊन गेले, आणि त्याचे परिणाम सर्वत्र चांगले झाले नाहीत. स्मॉलमाउथचा मूळ प्रदेश म्हणजे मिसिसिपीचे वरचे व मधले खोरे आणि पंचमहासरोवरांचा परिसर. १८५४ मध्ये जनरल विल्यम श्रायव्हर यांनी रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून काही बास मेरीलँडमधील कंबरलँड येथे नेऊन कालव्याच्या पाण्यात सोडले, आणि तेथून ते पोटोमॅक नदीभर पसरले. आज पूर्वेकडील ज्या नद्या बाससाठी नावाजल्या जातात त्यांपैकी अनेकांत तो असा बाहेरून आलेला आहे. पश्चिमेत हेच घातक ठरले. कोलोरॅडो खोऱ्यातील यॅम्पा आणि ग्रीन या नद्यांत बास तेथील दुर्मीळ देशी माशांची पिल्ले खातो, म्हणून शासकीय पथके त्याला पाण्यातून काढून टाकतात. २०२२ मध्ये पॉवेल जलाशयाची पातळी घटल्यावर ग्लेन कॅन्यन धरणाच्या खालीही त्याची पिल्ले सापडली आणि ग्रँड कॅन्यनमधील देशी माशांविषयी चिंता निर्माण झाली. जपानने तर त्याला घातक परकीय प्रजाती ठरवले आहे.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध येतो तो येथेच. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले तो दख्खनचा महसीर, आपला खडशी मासा, विसाव्या शतकात झपाट्याने घटला; लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपन्यांनी चालवलेल्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली, आणि हे काम खरोखर मोलाचे होते. मात्र हेच बीज पुढे कावेरीसारख्या दुसऱ्या खोऱ्यातही सोडले गेले, आणि कावेरीतील अत्यंत संकटग्रस्त कुबडी महसीर मागे पडण्याच्या कारणांत संशोधक या बाहेरून आलेल्या खडशीची गणना करतात. हेतू शुद्ध असूनही एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत नेणे हे धोक्याचे काम आहे. श्रायव्हर यांच्या टाकीपासून कावेरीपर्यंत याची साक्ष मिळते. बास भारतात आणावा अशी इच्छा हे पुस्तक वाचून कोणाच्या मनात आली तर पुस्तकाचा उद्देश पूर्णपणे फसला असे समजावे.

मूळ प्रदेशात किंवा जुन्या नद्यांतही बास सुरक्षित आहे असे नाही. सस्क्वेहानात २००५ पासून लहान बास मोठ्या संख्येने रोगाने मरताना आढळले. पोटोमॅकच्या खोऱ्यात नर माशांच्या वृषणांत अंड्याच्या पेशी दिसून आल्या. सस्क्वेहानातील रोगाच्या, पेनसिल्वेनियाच्या यंत्रणांनी केलेल्या कारणमीमांसेत अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात ढवळाढवळ करणारी रसायने, तणनाशके, रोगजंतू आणि परजीवी यांवर मुख्य संशय व्यक्त झाला. ओझार्कमध्ये भूगर्भाची घडणच वेगळा धोका निर्माण करते, कारण चुनखडकातील भेगांतून जमिनीवरचे पाणी फारसे गाळले न जाता झऱ्यांत पोचते. बफेलोच्या एका उपनदीच्या खोऱ्यात २०१२ मध्ये परवाना मिळालेल्या मोठ्या वराहपालन केंद्रावरून अनेक वर्षे वाद झाला आणि अखेर २०१९ मध्ये राज्याने ते बंद करण्यासाठी मोबदला देण्याचे मान्य केले. कायद्याने नदीला राष्ट्रीय दर्जा दिला तरी तिच्या पाणलोटावर तो कायदा चालत नाही, हे या प्रकरणातून दिसले.

पुस्तकाची प्रकरणे उगमाकडून संगमाकडे या क्रमाने रचली आहेत आणि ती त्याच क्रमाने वाचावीत. ओझार्कच्या फ्लोट ट्रिपने टिकवलेली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे नदीच्या प्रत्येक वळणाची, डोहाची, कड्याची नावे आणि तेथील पाण्याच्या स्वभावाची माहिती, जी वाटाड्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली. असे ज्ञान महाराष्ट्रातही आहे : भोई, कोळी आणि कातकरी यांच्या बोलण्यात डोहांची नावे, माशांच्या चढणीच्या वेळा आणि पाण्याच्या खुणा अजून जिवंत आहेत, आणि महाड तालुक्यातील वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांत महसीर आजही श्रद्धेच्या आधाराने टिकून आहे. हे ज्ञान सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याबरोबर आपापल्या नद्या उगमापासून खाली चालून किंवा होडीने उतरून त्याची नोंद करावी, डोहांची नावे नकाशावर उतरवावीत, आणि ती मराठीत प्रसिद्ध करावीत, अशी नदी आणि मासे यांच्या अभ्यासकांना या पुस्तकाच्या निमित्ताने विनंती आहे.